वरच्या मजल्यावरील आवाज

कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या, म्हणजे ‘धर्मस्थीय’ नांवाच्या अधिकरणांत घरें आणि घरमालक यांविषयीं एक प्रकरण आहे. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला, तेव्हांपासून विद्वानांचें लक्ष त्यांतील हेर, दुर्ग आणि मंडलसिद्धांत यांकडेच अधिक. पण गृहस्थाश्रमी माणसानें आधीं वाचावें तें हें प्रकरण. शेजाऱ्याच्या भिंतीपासून अग्नीची जागा, पाण्याच्या रांजणाची जागा, जातें आणि कांडण हीं कांहीं अंतर सोडून असावीं, सांडपाणी कसें काढावें, खिडकी कोठें ठेवावी आणि हें मोडणारास दंड काय, असें सर्व त्यांत बारकाईनें सांगितलें आहे. आवाजाचा स्पष्ट उच्चार नाहीं. अंतर कदाचित् भिंतीच्या रक्षणासाठींच असेल. पण ज्याच्या भिंतीला दुसऱ्याचें जातें लागून आहे त्याला झोंपेचें दुःख निराळें सांगावें लागत नाहीं. आणि हे सर्व नियम सांगतां सांगतां ग्रंथकार मध्येंच म्हणतो कीं, किंवा घरमालकांनीं एकत्र जमून आपणांस इष्ट तें करावें आणि अनिष्ट तें टाळावें. आजच्या सहकारी गृहरचना संस्थेचें बीज याहून थोडक्यांत सांगतां येणार नाहीं.

हें एकत्र जमणें आपल्याकडे आतां शंभर वर्षांहून अधिक जुनें झालें. मुंबईंत गांवदेवीस १९१५ सालीं श्रीपाद सुबराव तल्माकी यांच्या खटपटीनें सारस्वत मंडळींची गृहरचना संस्था स्थापन झाली. या देशांतील अशा संस्थांत तिचा मान पहिला समजतात. त्यानंतर १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्थांचा कायदा आला, आणि पुण्यामुंबईंतील आपल्यासारख्या कुटुंबांपैकीं बहुतेक वाडा सोडून ‘सोसायटी’च्या सभासदत्वास पात्र झालीं. वाड्याबद्दल हळवें होण्याचें आम्हांस कारण नाहीं. नळावरचीं भांडणें, जिन्याखालचा अंधार आणि सोळा बिऱ्हाडांस दोन संडास हें आम्हीं भोगलेलें आहे. पण एक गोष्ट खरी. वाड्यांतील आवाजाला नांव होतें. पहांटे खोकला ऐकूं आला कीं तो कोणाचा हें कळे. बंब आदळला तर कोणीं आदळला हें कळे. आणि कोणाचें मूल रडतें आहे हें तर शेजारणीस त्याच्या आईच्या आधीं कळे. ज्या आवाजाचा धनी ठाऊक असतो तो आवाज माणसास फार वेळ जागें ठेवीत नाहीं. आजच्या इमारतींतील आवाज निनांवी असतो. त्याला नांव आपण देतों, आणि तें बहुधा चुकीचें देतों. आमच्या हातून तें कसें दिलें गेलें, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आमची इमारत चार मजली, बिऱ्हाडें सोळा. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपें आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी. दोघेंही संगणकाच्या धंद्यांत. कचेरी पुण्यांत पण घड्याळ अमेरिकेचें, त्यामुळें त्यांचा दिवा रात्रीं दोन वाजेपर्यंत जळे. आमच्या मातोश्रींचें वय त्या वेळीं ९१. त्यांची दृष्टि गेलेली, पण कान तीक्ष्ण. वरची मुलगी रोज सायंकाळीं दिवेलागणीस खालीं येई, मातोश्रींच्या खाटेशेजारीं बसून परवचा म्हणे आणि मोबदल्यांत एक गोष्ट वसूल करून जाई. पावकी-निमकी येणारी ती त्या इमारतींतील एकटीच पोर असावी.

एके वर्षीं दिवाळीनंतर मातोश्री म्हणूं लागल्या कीं रात्रीं वर कोणी तरी कांडतें. आम्हीं प्रथम दुर्लक्ष केलें. मग एका रात्रीं त्यांच्या खोलींत आम्ही स्वतः निजलों, आणि साडेबाराच्या सुमारास छतांतून ‘धप्प’ असा आवाज आला, पाठोपाठ दोन लहान धपके, मग शांत. पुन्हां पहांटे साडेचारांस तोच प्रकार. मातोश्री दचकून उठत त्या मग उजाडेपर्यंत जाग्याच राहत. दुसऱ्या दिवशीं त्यांचें अन्न कमी होई. या वयांत झोंप हें अर्धें औषध असतें, आणि तेंच कोणी तरी वरून हिरावून घेत आहे असें आम्हांस वाटूं लागलें.

कोणी तरी म्हणजे कोण, याचा विचार करण्यास आम्हांस क्षणाचाही वेळ लागला नाहीं. दिवा कोणाकडे जळत होता तें आम्हीं पाहिलेंच होतें.

शिक्षकाच्या धंद्यांत एक दोष असतो. वर्गांत मागच्या बांकावर आवाज झाला कीं आपण फळ्याकडे तोंड असतांनाच एका मुलाचें नांव घेतों, आणि दहांतून आठ वेळां तें बरोबर निघतें. उरलेल्या दोन मुलांची आठवण आपण ठेवीत नाहीं. तीस वर्षांत अशीं दोन-दोन करून किती मुलें झालीं असतील तें आतां मोजणें नको.

प्रथम आम्हीं जिन्यांत वरच्या गृहस्थांस गाठलें. ‘‘रात्रीं जरा बेतानें चाललें तर बरें होईल,’’ असें आम्ही म्हणालों. ते म्हणाले, ‘‘काका, आम्ही तर कांहींच करीत नाहीं हो. उलट आम्हांला वाटत होतें कीं आजींचें कांहीं पडतें कीं काय.’’ हें वाक्य आम्हीं नीट ऐकावयास हवें होतें. आमच्या मनाचा न्याय आधींच झालेला असल्यामुळें तें आम्हांस उलट उत्तर वाटलें. पुढें एक-दोन वेळां आम्हीं काठीनें छतास ठोकून पाहिलें. हा उपाय वाचकांपैकीं अनेकांनीं केला असेल. त्यानें आवाज थांबत नाहीं, फक्त वरच्यांच्या मनांतील आपली जागा ठरून जाते.

मग आम्ही कायद्याकडे वळलों. कायदा वाचण्याची हौस निवृत्त माणसास फार. म्हणून जें वाचलें तें सांगून टाकतों, कोणाच्या उपयोगीं पडेल. पर्यावरण संरक्षण कायद्याखालीं केंद्र सरकारनें २००० सालीं ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. त्यांत राहत्या वस्तीसाठीं दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. रात्र म्हणजे दहापासून सहापर्यंत. इस्पितळें, शाळा, न्यायालयें यांच्याभोंवतीं शंभर मीटरांचा शांतताक्षेत्राचा टापू असतो, तेथें हे आंकडे ५० आणि ४०. रात्रीं ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी. ही बंदी सर्वोच्च न्यायालयानें १८ जुलै २००५ च्या निकालांत अधिक आवळली. २०१० च्या दुरुस्तीनें रात्रीं राहत्या वस्तींत बांधकामाचीं आवाज करणारीं यंत्रें चालविण्यासही मनाई झाली. एखाद्याच्या खासगी घरांतील गाण्याचें यंत्र असेल तर त्याच्या हद्दीवर आवाज वस्तीच्या मर्यादेपेक्षां पांच डेसिबलहून अधिक जातां कामा नये. मर्यादेपेक्षां दहा डेसिबल अधिक आवाज असेल, किंवा रात्रींच्या मनाया मोडल्या जात असतील, तर नेमलेल्या अधिकाऱ्याकडे तक्रार करतां येते. पोलिसांस बोलावतां येतें तें याच आधारावर.

डेसिबल ही मोजणी सरळ बेरजेची नव्हे, हें मुलांस सांगतांना आम्हांस पुष्कळ खडू खर्चावा लागे. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ति दसपट झाली, वीस वाढले म्हणजे शतपट. कानास मात्र दहाची वाढ साधारण दुपटीएवढी भासते. म्हणून ४५ आणि ५५ यांत ‘दहाचाच फरक’ असें म्हणणारा मनुष्य गणितांत नापास होय.

आमच्या नातवानें मोबाइलवर ध्वनिमापक उतरवून दिला. त्याचा आंकडा ढोबळ असतो. तरी आम्ही रात्रीं साडेबारास तो छातीवर धरून पडून राहूं लागलों. ‘धप्प’ झालें कीं कांटा क्षणभर उडे आणि परत येई. कायद्यांतील मर्यादा ही एका क्षणाची नसून कालावधींतील सरासरीची असते, त्यामुळें आमच्या दोन धपक्यांचें त्या हिशेबांत कांहींच मोल नव्हतें. एकंदरींत असें दिसलें कीं कायदा हा लग्नाचा बँड, गणपतीचा मंडप आणि गच्चीवरील धिंगाणा यांस लागू पडतो; पण खुर्ची ओढणें, टांचा आपटणें, मूल धांवणें यांस नाहीं. सार्वजनिक उपद्रवाचें कलम जुन्या दंडसंहितेंत होतें तसें १ जुलै २०२४ पासून चालूं झालेल्या भारतीय न्याय संहितेंतही आहे, आणि दंडाची कमाल रक्कम दोनशेंवरून हजार रुपये झाली आहे; तथापि एका घराचा त्रास दुसऱ्या एका घरास, हा उपद्रव सहसा सार्वजनिक ठरत नाहीं. उरले संस्थेचे उपविधि. शासनाच्या आदर्श उपविधींत, कोणाही सभासदानें आपल्या गाळ्यांत इतर सभासदांस त्रास, उपद्रव वा गैरसोय होईल असें कांहीं करूं नये, असें स्पष्ट आहे, आणि तक्रार आल्यास समितीनें ती पाहावी असेंही आहे. सभासद-सभासदांतील कांहीं वाद कलम ९१ खालीं सहकारी न्यायालयापर्यंतही जातात. तेथवर जाण्यास वर्षें लागतात, आणि त्या वर्षांत जिन्यांत रोज दोनदां एकमेकांचें तोंड पाहावें लागतें, हें उपविधींत लिहिलेलें नाहीं.

आम्हीं अर्ज लिहिला. चार पानांचा. भाषा शुद्ध होती. त्यांत तारखा, वेळा, मातोश्रींचें वय आणि डॉक्टरांचें मत होतें. आणि शेवटीं ‘परदेशच्या घड्याळावर चालणाऱ्या बिऱ्हाडानें या देशांतील वृद्धांच्या निद्रेचा विचार करावा’ असें एक वाक्य होतें, ज्याचा आम्हांस त्या दिवशीं अभिमान वाटला. आम्ही स्वतः व्यवस्थापक समितीवर असल्यामुळें अर्ज पौषांतील सभेंत लगेच मंजूर होऊन वरच्या बिऱ्हाडास लेखी समज गेली. पत्र चिटणिसांच्या सहीचें होतें. वाक्य आमचेंच होतें.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी येईनाशी झाली.

तिला कोणीं मना केलें असेल असें आम्ही म्हणत नाहीं. आमच्या घरांत असतें तरी आम्हीं मुलीस खालीं पाठविलें नसतें. संक्रांतीस आमच्या मंडळींनीं वर तिळगूळ पाठविला, तो ठेवून घेतला गेला आणि वाटी घासून परत आली, रिकामी. रिकामी वाटी परत करूं नये हें त्या बाईंस ठाऊक नव्हतें असें नव्हे. मातोश्री तीनचार दिवस थांबून विचारूं लागल्या, ‘‘अरे, ती पोर कां येत नाहीं?’’ आम्हीं सांगितलें, परीक्षा आहे. मग पुन्हां विचारीत, आम्ही पुन्हां परीक्षा सांगत असूं. तिसऱ्या इयत्तेची परीक्षा तीन महिने चालत नाहीं, हें त्यांना समजत असलेंच पाहिजे. त्यांनीं एकदांच म्हटलें, ‘‘तूं कांहीं बोललास कां तिला?’’ आणि आम्ही नाहीं म्हणालों. त्या मुलीस आम्हीं खरोखरच कांहीं बोललों नव्हतों. मातोश्री चैत्रांत गेल्या. तेराव्यास वरचीं दोघें येऊन पांच मिनिटें बसून गेलीं. धप्प आवाज त्या रात्रींही साडेबारास झाला.

येथें खालच्या मजल्यावरील गृहस्थांची ओळख करून देणें भाग आहे. हे एका कारखान्यांत पस्तीस वर्षें फिटर होते, आमच्यासारखेच निवृत्त. वैशाखांत ते एकदां आमच्याकडे समाचारास आले, आणि बोलतां बोलतां आम्हीं आवाजाची कथा काढली. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें. मग म्हणाले, ‘‘मास्तर, राग मानणार नसाल तर एक सांगूं? मी नोकरींत होतों तेव्हां रात्रपाळी करून सहाला घरीं येऊन निजत असें. त्या वेळीं तुमच्याकडे पूजा चालूं होई. घंटा, मग तुमचें रुद्र, मग पाट सरकवल्याचा आवाज. पाट तर असा वाजे कीं बैलगाडी चालली आहे. बारा वर्षें हो.’’ आम्हीं विचारलें, ‘‘मग बोललां कां नाहीं कधीं?’’ ते म्हणाले, ‘‘देवाच्या कामाला काय बोलावयाचें? आणि तुम्ही मास्तर.’’

वाचकहो, सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं मद्रासकडील एका वसाहतीच्या रहिवासी संघाच्या तक्रारीवर निर्णय देतांना म्हटलें आहे कीं दुसऱ्यांची शांति भंग करून प्रार्थना करावी असें कोणताही धर्म सांगत नाहीं. प्रकरण ध्वनिक्षेपकावरील प्रार्थनेचें होतें. तो निर्णय आम्हीं आमच्या अर्जाच्या तयारींत वाचला होता, आणि इतर लोकांच्या संदर्भांत त्यास मान डोलाविली होती. आमचा कंठ तीस वर्षें साठ मुलांच्या वर्गावर तयार झालेला. त्यास ध्वनिक्षेपकाची गरज कधींच पडली नाहीं.

त्या संभाषणानंतर आठवड्याच्या आंतच वरचें बिऱ्हाड गांवीं गेलें. दाराला कुलूप. आणि रात्रीं साडेबारास धप्प! आम्ही अंथरुणांत उठून बसलों. पहांटे साडेचारास पुन्हां. दुसऱ्या रात्रीं आम्हीं खालच्या गृहस्थांस बोलावून आणलें. ते एक लांब पेचकस घेऊन आले. त्याचें टोंक त्यांनीं न्हाणीघराच्या भिंतीबाहेरून वर जाणाऱ्या नळाच्या उभ्या पाइपावर टेकविलें आणि मूठ कानाच्या हाडाला लावली. यंत्राच्या पोटांतील आवाज ऐकण्याची ही फिटर लोकांची जुनी रीत. साडेबाराला दोन मिनिटें असतां त्यांनीं पेचकस आमच्या हातीं दिला. आंत पंपाची घरघर चालूं होती. मग घरघर थांबली, आणि आमच्या कवटींत कोणीं घण मारावा तसा तो आवाज झाला.

प्रकार असा होता. नगरपालिकेचें पाणी रात्रीं उशिरां येतें; तें खालच्या टांकींत भरलें कीं पंप लावून गच्चीवरील टांकींत चढवितात, आणि पहांटे एकवार पुन्हां. पंप बंद होतांच चार मजल्यांएवढा पाण्याचा स्तंभ पाइपांतून मागें येऊं पाहतो. त्यास अडविण्यासाठीं एक झडप असते, तिला प्लंबर लोक ‘नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह’ म्हणतात. ती चांगली असेल तर पाणी मागें फिरण्याच्या आंतच हलकेच मिटते. हलकी असेल, वा तिची स्प्रिंग ढिली असेल, तर मागें आलेलें पाणी तिला धाडकन् मिटवितें आणि सबंध पाइप हादरतो. तो पाइप लोखंडी पट्ट्यांनीं भिंतीस घट्ट आवळलेला. भिंत स्लॅबला जोडलेली. काँक्रीटमधून ध्वनि हवेच्या सुमारें दसपट वेगानें जातो, आणि सबंध स्लॅबच नगाऱ्याच्या कातड्याप्रमाणें वाजत असल्यामुळें तो कोठून आला हें कानास कळत नाहीं. खाटेवर पडलेल्या माणसाच्या समोर छत असतें, म्हणून तो छतांतून आला असें वाटतें. वरच्यांस तोच आवाज जमिनींतून येई, आणि आजींचें कांहीं पडलें असें त्यांस वाटे.

झडप कोणीं बसविली? जुना पंप जळाल्यामुळें दिवाळींत नवा पंप बसविला होता. तीन दरपत्रकें आलीं होतीं. त्यांतील सर्वांत स्वस्त तें घ्यावें, झडपेवर अधिक पैसे घालण्याचें कारण नाहीं, असा आग्रह समितींत एकाच सभासदानें धरला होता, आणि इतिवृत्तांत त्याचें नांव आहे. तें आमचें.

नवी झडप बसली, पंपाखालीं रबराचे जाड तुकडे घातले, पाइपाच्या पट्ट्यांखालीं रबर दिलें. सर्व मिळून खर्च संस्थेच्या एका महिन्याच्या झाडलोटीइतकाही झाला नाहीं. आवाज त्या दिवसापासून बंद आहे.

या प्रकरणाच्या निमित्तानें खालच्या गृहस्थांनीं आम्हांस जें शिकविलें, तें आमच्या वाचकभगिनींस विशेष उपयोगी पडेल. कारण घर त्या चालवितात. आवाज दोन जातींचा. एक हवेंतून जाणारा, म्हणजे बोलणें, गाणें, दूरदर्शन. दुसरा आघाताचा, म्हणजे जमिनीवर वा भिंतीवर बसलेल्या ठोक्याचा. पहिल्यास जड भिंत अडविते. नऊ इंची विटांची भिंत चार इंचीपेक्षां पुष्कळ बरी. आणि भिंत कितीही जड असली तरी दाराखालीं बोटभर फट असेल तर निम्मी भिंत व्यर्थ. दुसऱ्यास जडपणानें फारसा अटकाव होत नाहीं. तेथें मऊपणा हवा, आणि तो आवाज करणाराच्या बाजूस हवा. खालच्यानें छतास कांहींही चिकटविलें तरी फारसा गुण नाहीं. वरच्यानें एक सतरंजी घातली तर पुष्कळ गुण. खुर्च्यांच्या पायांस रबराच्या टोप्या घालाव्या. खलबत्ता जमिनीवर न ठेवतां जाड घडीच्या पोत्यावर ठेवावा, आणि ओट्यावरील मिक्सरखालीं रबराची चकती घालावी. कपडे धुण्याचें यंत्र चारी पायांवर समतोल बसलें आहे कीं नाहीं तें पाहावें. तें एका पायावर लंगडत असेल तर पिळतांना सबंध इमारतीस नाचवितें. पाळण्याची कडी कुरकुरत असेल तर तिला तेल द्यावें. आमच्या पाटांस आम्हीं खालून जुन्या घोंगडीच्या पट्ट्या चिकटविल्या आहेत. सोवळ्याच्या पाटास घोंगडी चालते कीं नाहीं असा प्रश्न आमच्या मंडळींनीं काढला. लोकर नित्य शुद्ध मानलेली आहे असें सांगून आम्हीं तो मिटविला.

सबंध घर आवाजबंद करूं पाहणाऱ्यांस मात्र टॉमस कार्लाइलची गोष्ट सांगावी. शेजारचीं कोंबडीं आणि पियानो यांना कंटाळून त्या स्कॉटिश ग्रंथकारानें १८५३ सालीं लंडनमधील आपल्या घराच्या माथ्यावर पुष्कळ खर्चून एक ध्वनिहीन अभ्यासिका बांधविली. रस्त्यावरील जे आवाज पूर्वीं त्याला ऐकूं येत नव्हते ते तेथें ऐकूं येऊं लागले.

समज देणारें पत्र मागें घ्यावें असा ठराव आम्हींच पुढच्या सभेंत मांडला. चिटणीस म्हणाले, ‘‘मास्तर, पत्र फाडून टाकूं, ठराव कशाला? उगीच दप्तरांत राहील.’’ आम्ही म्हणालों, आरोप दप्तरांत आहे तर माफीही दप्तरांत राहूं द्या. इतिवृत्ताची प्रत घेऊन आम्ही दोघें वर गेलों. बाईंनीं दार उघडलें, बसा म्हणाल्या. गृहस्थांनीं ती प्रत उभ्याउभ्या वाचली, ‘‘ठीक आहे, काका,’’ म्हणाले आणि घडी करून टेबलावर ठेवली. चहा झाला. मुलगी आंतल्या खोलींत अभ्यास करीत होती. तिला कोणीं हांक मारली नाहीं, आणि आम्हींही मारली नाहीं. यंदा चैत्रांत बाई आमच्याकडे हळदीकुंकवास आल्या. मुलगी आली नव्हती. तिचा क्लास असतो.

समितीनें आतां आवाजाविषयीं थोडे नियम केले आहेत. भिंती फोडण्याचें आणि ड्रिलचें काम सकाळीं दहा ते एक आणि दुपारीं चार ते सहा, रविवारीं मुळींच नाहीं. काम सुरू करण्यापूर्वीं त्या घराच्या माणसानें वरच्या, खालच्या आणि बाजूच्या घरीं स्वतः जाऊन सांगावयाचें, नुसती सूचना चिकटवून नव्हे. घरीं परीक्षेचें मूल, तान्हें मूल वा आजारी माणूस असेल तर त्यानें तें तेव्हांच सांगावयाचें. तक्रारीचा अर्ज घेण्यापूर्वीं समितीचा एक मनुष्य तक्रारदाराच्या घरीं तो आवाज होण्याच्या वेळीं जाऊन बसतो. हें शेवटचें कलम आमच्यामुळें घातलें गेलें, आणि तें काम आमच्याकडेच दिलें आहे. गेल्या पावसाळ्यांत चौथ्या मजल्यावरील एका बाईंच्या स्वयंपाकघरांत आम्ही रात्रीं अकरापासून एकपर्यंत बसलों होतों. त्यांचा संशय समोरच्या बिऱ्हाडावर होता. आवाज त्यांच्याच कपाटावर रात्रीं फिरणाऱ्या मांजरीचा निघाला.

हा लेख लिहीत असतां दुपारचे अडीच वाजले आहेत, आणि तळमजल्यावर कोणी तरी ड्रिल सुरू केलें आहे. तळमजल्यावरचें वाटतें तरी. चपला घालून खालीं जाऊन पाहतों.